युवा केंद्राचा नकाशा: मुलांना आधी विचारायचं की नंतर दाखवायचा?

कृष्णाकाठ (धागा यांचा)

आमच्या कॉलनीतलं जुनं समाजमंदिर पाडून तिथं युवा केंद्र होणार आहे. सांगलीत नदीपासून फार लांब नाही आम्ही. आताची इमारत म्हणजे गळका पत्रा, आत मंडपाचे बांबू आणि मोडक्या खुर्च्या. मागच्या महिन्यात नव्या नकाशाची बैठक झाली. मोठा हॉल, स्टेज, स्टेजमागं एक खोली, हॉलच्याच एका कोपऱ्यात संडास-बाथरूम. तेरा ते सतरा वयाची जी पोरं तिथं रोज येणार, त्यांनी सतरंज्या अंथरल्या, खुर्च्या मांडल्या आणि बैठक सुरू झाल्यावर ती घरी गेली. थांबा असं त्यांना कुणीच म्हणालं नाही. मीही नाही. ते मला रात्रभर खात राहिलं.

पुढच्या रविवारी सकाळी आम्ही तिघाचौघांनी त्यांना शेजारच्या मोकळ्या जागेत बोलावलं. कबड्डीचं मैदान आखतात तशी फक्की घेतली आणि तो नकाशा खऱ्या मापात जमिनीवर आखला. पहिली वीस मिनिटं स्विमिंग पूल, टर्फ, जिम असंच चाललं. मग मुलं रेघांच्या आत जाऊन उभी राहिली आणि बोलणं बदललं. दहावीतली एक मुलगी संडासाच्या चौकोनात गेली, दार उघडल्यासारखा हात केला आणि म्हणाली, "काका, समोरच कॅरम आहे. दहा मुलं इथं बसलेली असणार. मी इथं कधीच जाणार नाही. मग केंद्रावर तरी किती वेळ थांबणार?"

बैठकीत आम्ही चाळीसेक मोठी माणसं होतो. हे एकालाही दिसलं नव्हतं.

म्हणून मी म्हणतो, उद्घाटनाला मुलं बोलावण्यापेक्षा नकाशा पेन्सिलीत असतानाच बोलवा. स्लॅब टाकून झाल्यावर विचारून काय उपयोग?

साईटवरचा

मी सोळा वर्षं बांधकामात आहे आणि माझा विरोध आहे. मुलीचा मुद्दा बरोबर आहे, पण तो कुणीही अनुभवी माणूस पकडू शकला असता. तुमच्या नकाशात चूक झाली, म्हणून नकाशाच पोरांच्या हातात द्यायचा का? एकदा एस्टिमेट मंजूर होऊन टेंडर निघालं की एक खिडकी हलवायची म्हटली तरी पुन्हा मंजुरीला फाईल फिरते. अठराच्या आतल्या मुलाला कायद्यानं करार करता येत नाही, तेव्हा उद्या काही बिघडलं तर उत्तर द्यायला ती नसणार. आम्ही असणार.

आणि कृष्णाकाठ, नदीजवळ आहात म्हणता तर आधी पूररेषा बघा. निळी रेषा म्हणजे नेहमीच्या पुराची, लाल म्हणजे क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बाग, मैदान चालतं, नवी इमारत नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मधे असाल तर जोतं लाल रेषेच्या वर घ्यावं लागतं. हे मुलांना विचारून ठरत नाही.

मिरजवाली

माझी मुलगी दहावीत आहे. सकाळी क्लास, मग शाळा, मग परत क्लास. आता त्यात बैठका? मोठ्यांच्या सभेत मुलांना बसवलं की तिथलं राजकारणही त्यांच्या कानावर येतं, कोण कुणाच्या गटाचा वगैरे. मला ते नको आहे. चांगली अभ्यासिका करा, रात्री नऊपर्यंत दिवा आणि एक बाई माणूस तिथं ठेवा. मुलांना आणखी काय लागतं?

जुनी तालीम

आमच्या वेळी तालमीची माती आम्हीच कालवली, ताक-तेल-हळद घालून. नकाशा कुणी काढला ते आठवतही नाही. तालीम टिकली ती रोज पहाटे कुलूप काढणारा माणूस होता म्हणून. तो गेला आणि तालीम बसली. तुम्ही सगळे दारं-खिडक्यांवर भांडताय. किल्ली कुणाकडं राहणार ते सांगा आधी.

जतकर

माझाही विरोधच, पण कारण वेगळं. आमच्या तालुक्यात मी बालसभा बघितली आहे. मुलांना फेटे बांधले, एका मुलीनं पाठ केलेलं भाषण म्हटलं, फोटो निघाले. तिनं शाळेजवळच्या गतिरोधकाचं सांगितलं होतं, त्याचं पुढं काय झालं ते तिला कुणी कळवलं नाही. ती परत कशाला बोलेल? आमच्या सीमेपलीकडं कर्नाटकात, कुंदापूरकडं, १९९० च्या दशकात मक्कळ पंचायती सुरू झाल्या, म्हणजे मुलांच्या पंचायती. मुलं आपल्या अडचणी गोळा करून मोठ्यांच्या पंचायतीपुढं मांडायची. तशी तयारी असेल, प्रत्येक मागणीला हो किंवा नाही, आणि नाही तर का नाही, हे लेखी देणार असाल तरच मुलांना बोलवा. नाहीतर घरीच बसू द्या, निदान अपमान तरी होणार नाही.

कृष्णाकाठ

जतकर दादा, लेखी उत्तराचं एकदम पटलं. हे मला सुचलं नव्हतं.

मिरजवाली ताई, अभ्यासिका मुलांनीही मागितली. पण त्यांना ती हॉलला लागून नको, कारण हॉलमध्ये ढोल-ताशाचा सराव होणार हे त्यांना माहीत आहे. नकाशात ती बरोबर भिंतीपलीकडं होती. फक्कीवर उभं राहून दोन पोरांनी डबे बडवून दाखवले.

साईटवरचा, जबाबदारी मोठ्यांचीच राहणार, त्यात वाद नाही. मुलांनी सह्या करायच्या नाहीत, सांगायचं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात कलम १२ आहे, भारतानं तो १९९२ मध्ये स्वीकारला. मुलाशी संबंधित गोष्टीत त्याला मत मांडता आलं पाहिजे आणि वय व समज बघून त्या मताला वजन दिलं पाहिजे, एवढंच ते कलम म्हणतं. मुलं म्हणतील तेच करा असं नाही.

अकरावी सायन्स

मी त्या रविवारी होतो. २०१९ ला मी नऊ वर्षांचा होतो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५ आहे. आम्ही चुलत्यांकडं विट्याला होतो. परत आलो तेव्हा समाजमंदिराच्या भिंतीवर चिखलाची रेघ होती. ती अजून पुसट दिसते, माझ्या आताच्या हनुवटीला लागते. त्यात आधीच्या मुलांनी जमवलेली पुस्तकं गेली. फुगून एकमेकांना चिकटली होती, आम्ही ती फावड्यानं काढली.

म्हणून मी म्हणालो की पुस्तकं आणि कॅरम बोर्ड वर चढवायला पोटमाळा पाहिजे आणि जिना आतून पाहिजे. जिम नसली तरी चालेल. ही मागणी जास्तीची आहे का?

साईटवरचा

बाळा, अजिबात जास्तीची नाही. पण त्याचा अर्थ काय होतो तोही समजून घे. लाल रेषेचा आकडा जलसंपदा खात्याच्या नकाशावरूनच घ्यावा लागेल, तरी समज जोतं पाच फूट उचललं. सहा इंचाची एक, म्हणजे दहा पायऱ्या. व्हीलचेअरसाठी रॅम्प द्यावा लागेल, त्याचा उतार बारास एक. पाच फुटाला साठ फूट लांबी, मधे थांबायची जागा वेगळी. तुमचं अर्धं अंगण त्यात जातं. व्हॉलीबॉलचं काय करणार?

अकरावी सायन्स

सर, आज संध्याकाळी परत फक्की टाकून बघितलं. रॅम्प सरळ न नेता दोन बाजूंनी भिंतीला लागून वळवला तर अंगण वाचतं, पण व्हॉलीबॉल पूर्ण मापाचं बसत नाही. त्यावर आमच्यात भांडण झालं. शेवटी आठवीतली मुलं म्हणाली, नेट लहान लावू. पायऱ्या मात्र रुंद करा. दहा पायऱ्या म्हणजे चाळीस जण बसतील. आम्हाला कट्टा पाहिजेच होता, वेगळा बांधायला नको.

मिरजवाली

पायऱ्यांवर कट्टा म्हणजे रस्त्याच्या तोंडाशी मुलांचं टोळकं. त्याच पायऱ्या चढून माझ्या मुलीनं आत जायचं का?

अकरावी सायन्स

काकू, हे आम्हाला सुचलं नाही. मुलींना विचारतो.

जुनी तालीम

तुझी पिढी दोन वर्षांत पुण्याला जाणार. इमारत उभी राहीपर्यंत तू इथं नसशील. मग हे कुणासाठी ठरवतोयस, ते सांग.

अकरावी सायन्स

माझी बहीण सातवीत आहे.

जुनी तालीम

बरं. किल्लीचं मी बघतो, पहिलं वर्षभर. पहाटे पाचला उठतोच मी.

साईटवरचा

माझं मत बदललेलं नाही, मंजूर नकाशाला मुलांनी हात लावू नये. पण तुमचा अजून मंजूर झालेला नाही असं दिसतंय. रविवारी मी सांगलीत आहे. टेप आणि लेव्हल ट्यूब घेऊन येतो, ती चिखलाची रेघ मोजू. मुलींना आधी यायला सांगा, जिना आणि दार दोन्ही त्यांच्यासमोर आखू.

कृष्णाकाठ

सात वाजता या. फक्कीचं पोतं आणून ठेवतो.