पणजीतील रस्ट कार्यशाळेला जाण्यापूर्वी नेमकी किती तयारी करावी? मदत हवी आहे

नमस्कार,

मी साखळीला राहतो आणि गेली सहा वर्षे पर्वरीतील एका लहान कंपनीत पायथनवर काम करतो. पुढच्या महिन्यात पणजीत डेव्हलपरांसाठी रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेची दोन दिवसांची कार्यशाळा आहे. शुल्क भरून झाले, रजाही मंजूर झाली आणि त्यानंतर माहितीपत्रकातील एका ओळीकडे लक्ष गेले: ‘सी किंवा सी++ ची ओळख अपेक्षित’. माझे सी कॉलेजात झाले, तेही परीक्षेपुरते. पॉइंटर (मेमरीतला पत्ता साठवणारे व्हेरिएबल) म्हटले की आजही व्हायवाच आठवते.

म्हणून घरीच सुरुवात केली. एका व्हेरिएबलमधील स्ट्रिंग दुसऱ्याला दिली आणि मग पहिले छापायला सांगितले, तर कंपायलरने ई०३८२ ही चूक दाखवून वाट अडवली. पायथनमध्ये दोन्ही नावे एकाच ऑब्जेक्टची राहतात. रस्टमध्ये मात्र मालकी दुसऱ्याकडे जाते आणि पहिले वापरता येत नाही, कारण नको असलेली मेमरी आपोआप मोकळी करणारा गार्बेज कलेक्टर नसल्यामुळे ती मेमरी कोणी मोकळी करायची हे कंपायलरला आधीच ठाऊक असावे लागते. हे कारण पटते, पण हाताची सवय जात नाही. चूक दिसली की मी विचार न करता क्लोन लावतो, म्हणजे सरळ दुसरी प्रत काढतो, आणि प्रोग्रॅम निमूट चालतो.

ही सवय आधीच मोडून, बॉरोइंग (मालकी न घेता उसने वापरणे) आणि लाइफटाइम (ते उसने किती काळ वैध राहते) हे भाग स्वतः वाचून जावे, की ते तिथेच पहिल्यांदा ऐकणे बरे? सीचे पॉइंटर पुन्हा उजळावेत, की तो वेळ रस्टलिंग्ज या छोट्या स्वाध्यायांच्या सरावाला द्यावा?

दुसरी अडचण इन्स्टॉलेशनची. विंडोजवर रस्टअपने (रस्ट बसवणारे साधन) मायक्रोसॉफ्टची सी++ बिल्ड टूल्स मागितली. तो डाउनलोड काही जीबींचा, आणि आमच्याकडे पाऊस लागला की वीज आणि इंटरनेट जोडीनेच जातात, म्हणून ते ऑफिसात उरकले. मात्र मागे एका कार्यशाळेत (नाव घेत नाही) सभागृहाच्या वायफायने मान टाकली आणि पहिला अर्धा दिवस डाउनलोडची वाट पाहण्यातच गेला. आयोजकांकडून प्रकल्पाला लागणाऱ्या लायब्ररींची नोंद असलेल्या कार्गो.टॉमल आणि कार्गो.लॉक या फाइली आधीच मागून घरी त्या लायब्ररी उतरवून ठेवणारे ‘कार्गो फेच’ चालवले, तर तिथे ऑफलाइन बिल्ड होईल ना? ८ जीबी रॅमवर रस्ट-अ‍ॅनालायझर (एडिटरमध्ये लिहितानाच कोड तपासणारे साधन) वापरणाऱ्यांनी आपला अनुभवही कृपया कळवावा.