फायरवॉल अपग्रेड केली, मग काय झालं? अनुभव लिहा

अक्कलकोटरोड :
आमच्या ऑफिसात (टॉवेल एक्स्पोर्ट, एमआयडीसी) परवा अकाउंटचं मशीन विंडोज टेनवरून अकरावर नेलं. टेनचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून ते काम राहिलं होतं. सोबत विकतची फायरवॉल (नेटवरून काय आत-बाहेर जातं त्यावर पहारा ठेवणारा प्रोग्राम) होती, तीही नव्या आवृत्तीवर गेली. चहा यायच्या आत टेबलाटेबलावरून हाका, "टॅली उघडंना ओ!" सर्व्हर जागेवर, केबल जागेवर. नव्या आवृत्तीत ९००० आणि ९९९९ ही टॅलीची (हिशेबाच्या प्रोग्रामची) पोर्टं, म्हणजे नेटवर्कवरचे नंबरवार दरवाजे, परत बंद झालेली. उघडली, काम सुरू झालं.

पण तेव्हापासून डोक्यात जुलै २००८ घोळतोय. सोलापुरात सात रस्त्याजवळ मित्राचा नेट कॅफे होता, संध्याकाळी मी तिथंच असायचो. प्रवेशाचे दिवस. पोरं, सोबत आईवडील, बाहेर चपलांचा ढीग. मायक्रोसॉफ्टचा त्या महिन्याचा पॅच (विंडोजची दुरुस्ती) आला आणि दुसऱ्या दिवशी एकाही मशीनवर पान उघडेना. मोडेमचे दिवे नीट. आकड्यांच्या पत्त्याला पिंग जातंय, नावाला नाही. कंपनीला फोन, लाइनमनला फोन, सगळे म्हणाले आमच्याकडून ठीक आहे. एक मावशी मुलीची यादी बघायला मोहोळहून आल्या होत्या, त्या नुसत्या बसून राहिल्या. त्यांचा चेहरा अजून आठवतो.

कारण नंतर कळलं. डॅन कामिन्स्की या संशोधकाला डीएनएसमधली (साइटच्या नावावरून तिचा आकड्यांचा पत्ता सांगणारी व्यवस्था) मोठी खोट सापडली होती आणि बऱ्याच कंपन्यांनी ठरवून एकाच दिवशी, ८ जुलै २००८ ला, दुरुस्ती काढली. त्या दुरुस्तीनं विंडोज दर प्रश्नाला वेगळ्या पोर्टवरून डीएनएसला विचारायला लागलं. आम्ही वापरायचो त्या फायरवॉलला हे अनोळखी वाटलं आणि तिनं येणारी उत्तरं अडवली. उपाय दोन होते. पॅच काढायचा, नाहीतर फायरवॉलची सुरक्षेची पातळी एक पायरी खाली आणायची. मित्रानं पॅच ठेवला, पातळी खाली आणली. मला ते तेव्हाही पटलं, आजही पटतं. पुढं नवी आवृत्ती आली ती दुसऱ्याकडून पेनड्राइव्हवर आणून घातली. नेट आलं, पण आधीचे सगळे नियम गायब, प्रत्येक मशीनवर पुन्हा पहिल्यापासून "परवानगी द्यायची का?"

आजूबाजूच्या कितीतरी जणांनी त्या आठवड्यात फायरवॉल काढून टाकली आणि परत घातलीच नाही. तेच मनाला लागतं. एका बिघाडापायी दारच काढून ठेवायचं?

बरे-वाईट दोन्ही अनुभव लिहा. कंपनीचं नाव नको, प्रत्येकीचा कधी ना कधी वाईट दिवस असतो.

शेंगाचटणी :
ब्लास्टर व्हायरस आठवतोय का कुणाला? ऑगस्ट २००३. चाटी गल्लीत आमचं दुकान, डायल-अप जोडलं की दोन मिनिटांत ती खिडकी यायची, ६० सेकंदांत मशीन बंद होणार म्हणून उलटे आकडे. भावानं कुठूनतरी शिकून आणलं होतं, रनमध्ये जाऊन शटडाउन मायनस ए टाइप करायचं, मग थांबायचं. वडील बिल करत असायचे, भाऊ पळत यायचा. १३५ नंबरच्या पोर्टातून शिरायचा तो. विंडोज एक्सपीत फायरवॉल होती पण आपोआप चालू नसायची, ती चालू व्हायला सर्व्हिस पॅक टू यावा लागला, ऑगस्ट २००४.
त्याच्या आधीच आम्ही एक फुकटची घातली होती. मग दोन झाल्या. दोघींचं पटेना, नेट मुंगीच्या पावलानं.

विजापूरवेस :
@शेंगाचटणी तुमचं दुकान कुठलं? मधल्या बोळात चादरीचं होतं ते का?

शेंगाचटणी :
नाही नाही, साडीचं. आता भाऊ बघतो.

मधलामारुती :
आमच्या अण्णांनी सगळ्याला डिनाय केलं होतं. नवीन आवृत्ती आली, खिडक्या यायला लागल्या, एसव्हीसीहोस्ट (विंडोजचाच एक आतला प्रोग्राम) इंटरनेटवर जाऊ पाहतंय, अमुक जाऊ पाहतंय. अण्णा बँकेतून रिटायर झालेले, म्हणाले ओळख नाही त्याला आत घ्यायचं नाही. तत्त्व बरोबरच आहे त्यांचं! पण एसव्हीसीहोस्ट अडवलं की मशीनला राउटरकडून पत्ताच मिळेना. नेटवर्कचा पत्ता १६९.२५४ नं सुरू झालेला दिसला की समजायचं, डीएचसीपी, म्हणजे पत्ता वाटायचं काम, अडलंय. मी पुण्याहून फोनवर सांगत होते, ते चष्मा लावून एकेक ओळ वाचून दाखवत होते. शेवटी झालं. अण्णा आता नाहीत. ती वही आहे माझ्याकडे, कुठल्या प्रोग्रामला हो म्हटलं आणि कुठल्याला नाही, तारखेसकट, ठसठशीत अक्षरात.

ज्वारीबाजरी :
@मधलामारुती ताई, वाचून गलबलून आलं. वही जपा.

यंत्रमागकर :
मालक, आमचा वेगळाच ताप. कारखान्यात इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड (मागावर नक्षी विणणारं यंत्र) आहे, चादरीचं डिझाइन ऑफिसच्या पीसीवरून फोल्डरमधून जातं. जॅकार्डचं जुनं मशीन एक्सपीवर. ऑफिसचा पीसी नवा घेतला, फायरवॉल पण नवी आवृत्ती. फोल्डर दिसंना. फायरवॉल पूर्ण बंद करून बघितली तरी दिसंना. दोन पाळ्या कामगार बसून. शेवटी पेनड्राइव्हनं डिझाइन नेलालाव. फायरवॉलवाल्यांनी फोनवर सांगितलं आमचा संबंध नाही. कुणाचा मग?

पुणेव्हायाहुतात्मा :
@यंत्रमागकर खरंच त्यांचा संबंध नसावा. एक्सपी फोल्डर शेअर करायला एसएमबी वन ही जुनी पद्धत वापरतो. विंडोज टेनच्या १७०९ आवृत्तीपासून (२०१७ चं शेवटी) नव्या मशीनवर तो भाग घातलेलाच नसतो. मे २०१७ मधला वॉनाक्राय (फाइली कुलपात घालून खंडणी मागणारा व्हायरस) त्याच वाटेनं पसरला होता, पोर्ट ४४५. कुणी सांगेल एसएमबी वन चालू करा, एका चेकबॉक्सचं काम आहे. करू नका. एक्सपीचे पॅच ८ एप्रिल २०१४ लाच थांबले, त्या मशीनला नेटच्या जवळपास येऊ देऊ नका. पेनड्राइव्ह गैरसोयीचा आहे, पण तुमच्या जागी मी तोच ठेवला असता, प्रत्येक वेळी स्कॅन करून.

यंत्रमागकर :
बरं झालं सांगितलं. जॅकार्डवाला इंजिनिअर चालू करून देतो म्हणत होता. नको म्हणतो त्याला.

जुळेसोलापूर :
मी लिहिणार होते मोठं पण पाणी आलंय. पाच दिवसांनी. नंतर येते.

विजापूरवेस :
आमच्याकडं उद्या 🙏

कडकभाकरी :
चांगला अनुभव लिहितो, कारण धाग्यात सगळं वाईटच यायला लागलंय. एक्सपीची स्वतःची फायरवॉल फक्त आत येणारं अडवायची, बाहेर काय चाललंय ते तिला विचारायचं नसे. पुढच्या विंडोज व्हिस्टापासून बाहेर जाणारं अडवायची सोय आली, पण मुळात सगळं सोडलेलंच असतं, नियम आपण लिहायचे. म्हणून मी वेगळी घालत आलो. इंजिनिअरिंगला असताना तिची नवी आवृत्ती घातली, तेव्हा बीएसएनएलच्या प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ मोफत असायचं, गजर लावून उठून डाउनलोड. सकाळी पहिलीच खिडकी आली, टेम्प फोल्डरमधला एक प्रोग्राम बाहेर जाऊ पाहतोय. नाव विंडोजच्या फाइलसारखंच, एक अक्षर वेगळं. लॅबमधल्या पेनड्राइव्हमधून ऑटोरननं (पेनड्राइव्ह लावला की प्रोग्राम आपोआप चालू होतो ते) आलेला. जुनी आवृत्ती त्याबद्दल अवाक्षर बोलली नव्हती. होस्टेलच्या पोरांची मशीनं बघितली, बऱ्याच जणांकडं तोच. त्या रात्री मेस बंद होईपर्यंत आम्ही साफ करत बसलो.
त्या फायरवॉलचं ऋण मी मानतो.

ज्वारीबाजरी :
रात्री दोनचा गजर 😀 आमच्या बोळात त्या वेळी सगळ्या खिडक्यांत उजेड असायचा. आणि ८० टक्के झालं की लाइट जाणार!

शेंगाचटणी :
लोडशेडिंगचा वेगळा धागा काढा कुणीतरी.

कन्नाचौक :
अकरावर गेल्यापासून प्रिंटर ऑफलाइन दाखवतोय, दुसऱ्या मशीनवरून छापतच नाही. फायरवॉल विंडोजचीच, वेगळी नाही. उद्या जीएसटीची कामं. मदत करा.

अक्कलकोटरोड :
@कन्नाचौक सेटिंगमध्ये नेटवर्क पब्लिक दाखवतंय का प्रायव्हेट? अपग्रेडनंतर किंवा राउटर बदलल्यावर घरचं-ऑफिसचं नेटवर्क पब्लिक धरलं जातं कधीकधी. तसं असलं की शेअर केलेले फोल्डर, प्रिंटर बाकीच्यांपासून लपतात. एसटी स्टँडवरच्या वायफायला तेच हवं असतं, ऑफिसात नको. ज्या मशीनला प्रिंटर जोडलाय तिथं बघा.

पुणेव्हायाहुतात्मा :
आणि अपग्रेड करण्याआधी नियम बाहेर काढून ठेवा सगळ्यांनी. विंडोजच्या फायरवॉलला डब्ल्यूएफ डॉट एमएससी उघडून एक्स्पोर्ट पॉलिसी. विकतच्या बहुतेकींमध्ये सेटिंग एक्स्पोर्टची सोय असते, नसली तर स्क्रीनचे फोटो. जुनी काढताना नुसतं अनइन्स्टॉल करून नेहमी भागत नाही, नेटवर्क कार्डच्या प्रॉपर्टीमध्ये तिचा फिल्टर कधीकधी मागे राहतो आणि मग नेट तुटक चालतं. कंपनीचं स्वतःचं काढायचं टूल असेल तर तेच चालवा.

होटगीरोड :
आमच्या सरांच्या क्लासमध्ये विंडोज सेव्हनचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला तेव्हा सगळी मशीनं बदलली. नेमकी गड्ड्याची (सिद्धेश्वरांच्या जत्रेची) गर्दी. पोरं अक्षता सोहळ्याला, आम्ही केबल ओढलालाव. सर म्हणाले चला, हे उद्या. गेलो. नंदीध्वज बघितले, येताना भाग्यश्री वडा. फायरवॉलचं काय झालं ते लिहायचं राहिलं, काही नाही झालं, नीट बसली.

कडकभाकरी :
वडा म्हणालात आणि मी इथं बंगळुरात. वाईट वाटलं खरंच.

मधलामारुती :
@कडकभाकरी कुणी येणार असेल तर शेंगाचटणी पाठवते, पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

शेंगाचटणी :
मला बोलावलं का? 😀

जुळेसोलापूर :
पाणी भरून झालं. तर, माझ्या नवऱ्याचं क्लिनिक आहे. रक्त तपासणीचं यंत्र पीसीला नेटवर्कनं जोडलेलं, रिपोर्ट आपोआप यायचे. फायरवॉलची नवी आवृत्ती रात्री आपोआप आली, सकाळी यंत्र चालतंय, पीसीवर रिपोर्ट शून्य. पेशंट उपाशीपोटी आलेले. मी यंत्राच्या पडद्यावरून हातानं उतरवून घेतले, प्रत्येक आकडा दोनदा वाचून, कारण तिथं चूक चालत नाही. यंत्रवाला आला तेव्हा कळलं, पीसी यंत्राची वाट बघत असतो आणि यंत्र स्वतः जोडायला येतं, म्हणजे फायरवॉलच्या दृष्टीनं बाहेरचा माणूस. त्याच्या पत्त्याला, त्याच्या एका पोर्टाला परवानगी दिली, बाकी सगळं बंदच. त्यानं फायरवॉल बंद करू का विचारलं होतं, मी नाही म्हटलं. लोकांचे रिपोर्ट आहेत त्यात. आता आपोआप अपडेटची वेळ रविवार दुपारची ठेवलीय, क्लिनिक बंद असतं तेव्हाची.

अक्कलकोटरोड :
@जुळेसोलापूर अक्का, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. एक पत्ता, एक पोर्ट. आमच्या टॅलीला परवा घाईत सगळ्यांसाठी उघडलंय, उद्या सकाळी फक्त ऑफिसच्या मशीनपुरतं करतो.

कन्नाचौक :
पब्लिकच होतं. प्रायव्हेट केलं, प्रिंटर आला. आता मागच्या दाराच्या काउंटरवरचं मशीन राहिलंय, ते अजून विंडोज सेव्हन आहे. त्याला कुठली फायरवॉल बसेल?

पुणेव्हायाहुतात्मा :
@कन्नाचौक रॅम किती आहे त्यात? आणि त्यावर बँकेचं काही करता का? आधी ते सांगा.