निकॉन झेडएफ घ्यावा का? डी७५० वरून बदल: झाडीपट्टीची नाटकं आणि लग्नाचं काम

वैनगंगाकाठ

नमस्कार जी. काम पूर्व विदर्भातल्या वडसा-ब्रह्मपुरी पट्ट्यातलं, म्हणजे झाडीपट्टीतलं. दिवाळी ते होळी झाडीपट्टीची नाटकं, उन्हाळ्यात लग्नं, मधे शंकरपट (बैलांच्या शर्यती) आणि धानाच्या बांध्यांवरचे (भातशेतांतले) स्वतःच्या आवडीचे फोटो. हाती निकॉन डी७५० हा आरशाचा डीएसएलआर आहे. लेन्स तीन: एएफ-एस २४-१२० एफ/४, एएफ-एस ८५ एफ/१.८ जी आणि जुनी एएफ ५० एफ/१.८ डी.

निकॉनचा झेडएफ हा मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा मनात भरला आहे. वर शटर, आयएसओ आणि एक्स्पोजर कम्पेन्सेशनचे (फोटो उजळ-मंद करण्याचे) पितळी डायल, जुन्या एफएम२ या फिल्म कॅमेऱ्याची घडण, आणि आत फुल फ्रेम सेन्सर. पण सगळा पैसा एकाच बॉडीत जाणार, म्हणून नेमकं विचारतो. हे डायल कामाला वेग देतात की फक्त दिसायला छान? माझ्या लेन्स चालतील का? स्टेजच्या रंगीत उजेडात फोकस धरतो का? लग्नात दिवसभर हातात राहील का?

रातकिडा

नाटकांपुरतं बोलतो. त्या कामात हा कॅमेरा डी७५० च्या बराच पुढे आहे.

सेन्सर २४.५ मेगापिक्सेलचा, प्रोसेसर एक्सपीड ७, म्हणजे झेड८ आणि झेड९ मधलाच. फोकसची मर्यादा निकॉनने उणे १० ईव्ही (उजेडाचं माप, उणे जितकं जास्त तितका अंधार) दिली आहे, पण तो आकडा एफ/१.२ इतक्या मोठ्या छिद्राच्या लेन्सचा. एफ/४ लेन्स लावून तसं काही मिळणार नाही. ८५ एफ/१.८ वर मात्र अर्ध्या अंधारातला चेहराही तो ओळखतो आणि नट फिरला तरी डोळा सोडत नाही. डी७५० चे ५१ बिंदू मधोमध गोळा झालेले, त्यामुळे कडेला उभ्या पात्रावर फोकस करून फ्रेम हलवावी लागते. ते इथे संपतं. मिररलेसमध्ये फोकस सेन्सरवरच मोजला जातो, म्हणून फ्रंट-बॅक फोकसची (फोकस किंचित पुढे-मागे पडण्याची) जुनी कटकटही जाते.

आता बिघडतं कुठे? सायलेंट मोड लावला की शटर इलेक्ट्रॉनिक होतो. हा सेन्सर स्टॅक्ड (झटपट वाचला जाणारा) नाही, त्याला ओळ-ओळ वाचायला वेळ लागतो, आणि एलईडी पारच्या (स्टेजच्या रंगीत दिव्यांच्या) उजेडात फोटोवर आडवे पट्टे येतात. मंडपात शांतता हवी हे खरं, पण पट्टे आलेला फोटो कोणत्याच कामाचा नसतो. मेकॅनिकल शटरच ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, म्हणून १/१०० किंवा १/५० वर उजेड सारखा मिळतो. १/१६० किंवा १/२५० ला एका फोटोत स्टेज उजळ आणि दुसऱ्यात मंद असं होतं. काही एलईडींची लुकलुक याहून फार वेगळी असते. तिथे पडदा उघडताच चार-पाच चाचणी फोटो काढून स्क्रीनवर मोठे करून बघा.

निळ्या आणि जांभळ्या दिव्यांत साध्या हिस्टोग्रामवर विसंबू नका. आरजीबी हिस्टोग्राम (लाल, हिरवा, निळा यांचे वेगळे उजेडाचे आलेख) लावा. एकूण आलेख ठीक दिसतो आणि निळा चॅनेल कधीचाच फुटलेला असतो, मग चेहऱ्यावर सपाट निळा डाग उरतो. तो रॉमधूनही (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमधूनही) परत येत नाही. कम्पेन्सेशन डायल उणे ०.७ वर ठेवायचा आणि रॉमध्ये सावल्या उचलायच्या. आयएसओ ६४०० पर्यंत हा सेन्सर ते सहज झेपवतो.

एफमाउंट

लेन्सचं सांगतो भाऊ, कारण खरा खर्च तिथेच आहे.

तुमच्या लेन्सना एफटीझेड २ अडॅप्टर लागेल. २४-१२० आणि ८५ या दोन्ही एएफ-एस, म्हणजे मोटर लेन्सच्या आत. त्या ऑटोफोकससह नीट चालतील, आणि ८५ ला बॉडीचं स्थिरीकरण मिळेल, जे डी७५० वर नव्हतं. ५० एफ/१.८ डी मात्र ऑटोफोकस करणार नाही. ती बॉडीतल्या स्क्रूवर फिरते आणि अडॅप्टरमध्ये तो स्क्रूच नाही. हाताने फोकस करता येईल, व्ह्यूफाइंडरमध्ये मोठं करून बघताही येईल, पण वरमाला पडताना ते जमणार नाही.

वजनाचा हिशोब असा. झेडएफ बॅटरी-कार्डासह साधारण ७१० ग्रॅम, अडॅप्टर १२५, तुमची २४-१२० ७१०. एकूण १५४५. डी७५० बॅटरी-कार्डासह ८४० आणि तीच लेन्स, म्हणजे १५५०. वजन जिथल्या तिथे राहिलं आणि हाताची खोल पकड गेली! झेडएफला समोर नुसती बारीक कड आहे. मे महिन्यात घामेजल्या हाताने एवढी जड लेन्स दिवसभर धरली की बोटं आखडतात. खालून स्क्रूने बसणारी वेगळी ग्रिप मिळते, ती घ्यावीच लागेल. घेताना बॅटरीचं झाकण ग्रिप न काढता उघडतं ना, ते बघा. याचे दोन्ही कार्ड स्लॉट त्याच झाकणाखाली आहेत. साधी ट्रायपॉड प्लेट लावली तरी झाकण अडू शकतं.

याच बॉडीवर झेड ४० एफ/२ लावा. लेन्स १७० ग्रॅमची. मग ग्रिप नसली तरी हाताला जाच नाही. हा कॅमेरा अशा छोट्या लेन्ससाठीच बेतलेला आहे.

फ्लॅशचंही ध्यानात घ्या. डी७५० चा पॉप-अप फ्लॅश कमांडर (दूरचे फ्लॅश पेटवणारा) म्हणून वापरत असाल तर ती सोय जाईल. झेडएफला पॉप-अपच नाही, रेडिओ ट्रिगर घ्यावा लागेल. शिवाय निकॉनच्या जुन्या फ्लॅशमधला लाल फोकस-सहायक दिवा झेड बॉडीवर पेटत नाही.

पांढरं सोनं

यवतमाळकडून नमस्कार. वरचं सगळं पटतं, पण लग्नं हे पोटापाण्याचं काम असेल तर झेडएफ एकुलती एक बॉडी म्हणून घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. कारण कार्ड.

एक स्लॉट वेगवान एसडी यूएचएस-२, दुसरा मायक्रोएसडी आणि तोही हळू यूएचएस-१. दोन्हीकडे रॉ लिहायला लावलं की सगळा कारभार हळू कार्डाच्या चालीने चालतो. सलग फोटो काढताना बफर (कॅमेऱ्याची तात्पुरती साठवण) भरतो आणि नेमक्या क्षणी कॅमेरा थांबतो. उपाय आहे: पहिल्या कार्डावर रॉ, दुसऱ्यावर जेपेग. बॅकअप राहतो आणि वेगही राहतो. पण नखाएवढं मायक्रोएसडी मांडवात, अंधारात बदलायचं म्हणजे ते हरवण्याची पुरेपूर सोय. ते आतच राहू द्या आणि घरी येऊन यूएसबी-सी केबलने रिकामं करा.

दुसरं, डी७५० वरचे यू१, यू२ इथे नाहीत. विधी, स्टेज, बाहेरची वरात अशी मांडणी साठवून एका झटक्यात बदलायची सवय असेल तर ती उणीव रोज जाणवेल. जॉयस्टिकही नाही, फोकस बिंदू मागच्या चार दिशांच्या बटणाने सरकवायचा.

एप्रिल २०२५ मध्ये आलेला निकॉनचा झेड५ २ (झेड५ ची दुसरी आवृत्ती) आधी हातात घेऊन बघा. सेन्सर २४.५ मेगापिक्सेलचाच, प्रोसेसर एक्सपीड ७, वजन ७०० ग्रॅम. दोन पूर्ण आकाराचे यूएचएस-२ स्लॉट बाजूला, खोल ग्रिप, जॉयस्टिक, यू१ ते यू३. फोटोच्या दर्जात फरक शोधून सापडणार नाही. नाही ते फक्त डायल.

वैनगंगाकाठ

खूप उपयोगी पडलं जी. मग त्या डायलांचंच सांगा ना कोणी. आणि उन्हाळा, बॅटरी? कोणी निकॉनचा जुना डीएफही सुचवला आहे, त्यात ५० डी चालेल म्हणतात.

एफमाउंट

डीएफमध्ये ५० डी ऑटोफोकससह चालेल, कारण त्याच्या बॉडीत मोटर आहे. कॅमेरा २०१३ चा, १६.२ मेगापिक्सेलचा डी४ चा सेन्सर, रात्रीचे फोटो आजही देखणे. पण व्हिडिओ अजिबात नाही, कार्ड एकच, आणि ३९ फोकस बिंदू तसेच मधोमध. ग्राहकाच्या कामासाठी नको.

बॅटरीत मोठा फरक पडेल. सीपाच्या (कॅमेरा उद्योग संघटनेच्या) मोजणीत डी७५० एका चार्जवर १२३० फोटो देतो, झेडएफ व्ह्यूफाइंडरने ३६०. प्रत्यक्षात सलग फोटोंत आकडा बराच वर जातो, तरी रात्रभराच्या नाटकाला तीन बॅटऱ्या धरा. तुमच्याकडे जुनी ईएन-ईएल१५ए असेल तर ती यात चालेल, पण ती कॅमेऱ्यात केबलने चार्ज होत नाही. त्यासाठी १५बी किंवा १५सी लागते. १५सी असेल तर लाइन गेली तरी पीडी (यूएसबी-सीने जास्त वीज देणाऱ्या) पॉवर बँकेवर काम भागतं.

रातकिडा

डायलांचं नीट समजून घ्या, कारण नवखा माणूस इथेच अडखळतो.

मोडची कळ आयएसओ डायलखाली आहे. ती ए वर (छिद्र आपण, शटर कॅमेरा ठरवतो) असली की शटर डायलवरच्या आकड्याला काहीच अर्थ नसतो. डायल १/१०० दाखवतो आणि कॅमेरा १/३० वर फोटो काढतो. शटर डायल फक्त एस आणि एम मध्ये (शटर आपण ठरवतो तेव्हा) बोलतो. डायलवर पूर्ण स्टॉपच (दुप्पट-निम्मे आकडे) आहेत, त्यामुळे तुमच्या कामाचा १/१०० त्यावर छापलेला नाहीच. १/३ स्टेपवर ठेवून मागच्या चाकाने तो लावावा लागतो. झेड लेन्सवर छिद्राचे आकडे नसतात, ते वरच्या इवल्या खिडकीत दिसतात, म्हणजे जुन्या कॅमेऱ्यासारखा सगळा कारभार डायलांवर चालत नाही.

नाटकासाठी माझी मांडणी: एम मोड, १/३ स्टेपवर १/१००, ८५ वर एफ/२, आयएसओ डायल सी वर आणि ऑटो आयएसओ, कमाल १२८००. मग हाताखाली फक्त कम्पेन्सेशन डायल उरतो. दिवे बदलले की अंगठ्याने एक-दोन खाचा, नजर व्ह्यूफाइंडरमधून हलत नाही. या कामात तो डायल सोन्याचा आहे. मात्र त्याला लॉक नाही, पिशवीतून काढताना फिरतो. पहिल्या फोटोआधी शून्य बघायचं.

शटर डायलखालच्या कळीवर कृष्णधवलची जागा वेगळी दिली आहे. व्ह्यूफाइंडरमध्ये लगेच काळं-पांढरं दिसतं आणि रॉ फाइलमध्ये रंग तसेच राहतात. धुक्यातल्या बांध्या आणि पटातली धूळ यांसाठी ती कळ मनापासून आवडेल.

पांढरं सोनं

उन्हाळ्याबद्दल. निकॉनने वापराची कमाल मर्यादा ४० अंश दिली आहे आणि ब्रह्मपुरी, चंद्रपूर मे मध्ये ४५ च्या वर जातात. काळी बॉडी उन्हात ठेवली तर हात लावू देत नाही. दोन फोटोंमधे पांढरा सुती रुमाल टाका (ओला नको), गाडीच्या डॅशबोर्डवर कधीच ठेवू नका, आणि लांबलचक ४के व्हिडिओ सावलीतच घ्या. ४के ६० ला फ्रेम डीएक्स (लहान सेन्सर) इतकी कापली जाते, २४ मिमी ची लेन्स ३६ सारखी दिसते. छोट्या मांडवात मागे सरकायला जागा नसते, तिथे ४के ३० वरच राहा.

लेन्स बदलताना बॉडीचं तोंड खाली. मुरमाच्या रस्त्यावर आणि धान मळणीच्या जागी बदलूच नका, मिररलेसचा सेन्सर उघडाच असतो. पावसाळ्यात हवाबंद डबा, सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक, काटा ४० ते ५० टक्क्यांत.

डी७५० विकू नका, तो दुसरी बॉडी म्हणून लग्नात राहू द्या. ५० डी त्यावरच चालेल, आणि झेडएफ घेतलाच तर त्याची मायक्रोएसडीची अडचणही एवढी बोचणार नाही.

वैनगंगाकाठ

ठरलं मग. नागपूरला जाऊन झेडएफ आणि झेड५ २ दोन्ही माझी २४-१२० लावून अर्धा-अर्धा तास हातात धरून बघतो. झेडएफ ठरला तर डी७५० राहील, २४-१२० त्यावर, आणि झेडएफवर ८५ आणि नवी ४०. ग्रिपचं झाकण उघडतं का तेही तिथेच तपासतो.