मदत हवी आहे: निळ्या प्रकाशात उजळ दिसलेला गालातील पांढरा चट्टा आणि बायोप्सीचा निर्णय

नमस्कार. माझ्या वडिलांचे वय ६१ असून त्यांना अनेक वर्षे तंबाखू-सुपारीची सवय होती. त्यांच्या उजव्या गालाच्या आत खरखरीत पांढरा चट्टा आहे आणि तोंडही पूर्वीइतके उघडत नाही. दंतवैद्यांनी ल्युकोप्लेकिया (पुसून न जाणारा पांढरा चट्टा, जो पुढे कर्करोगात बदलू शकतो) आणि सबम्युकस फायब्रोसिस (अस्तराखाली तंतू साचून तोंड आखडणे) असे निदान करून बायोप्सी, म्हणजे तपासणीसाठी छोटा तुकडा काढणे, सुचवली आहे. त्याच वेळी त्यांनी निळा प्रकाश टाकणाऱ्या उपकरणाने तोंड पाहिले, तेव्हा चट्टा काळसर न दिसता आजूबाजूपेक्षा उजळ दिसला. 'मशीनमध्ये काही निघाले नाही' असा अर्थ घरच्यांनी लावला असून वडील आता बायोप्सीला तयार नाहीत.

मी भौतिकशास्त्र शिकलो आहे, म्हणून माझी समजूत मांडतो. चूक असल्यास कृपया दुरुस्त करावी. साधारण ४०० ते ४६० नॅनोमीटरचा प्रकाश पडला की निरोगी अस्तरातील कोलॅजन (आधार देणारे तंतुमय प्रथिन) आणि पेशींमधील काही रेणू हिरवट चमकतात. पेशी कर्करोगाच्या दिशेने बदलू लागल्या की त्यांचा चयापचय बदलतो, खालच्या कोलॅजनची वीण मोडते, वाढलेल्या रक्तपुरवठ्यातील हिमोग्लोबिन प्रकाश शोषून घेते आणि तो भाग काळसर दिसतो. परंतु पांढऱ्या चट्ट्यावर साचलेले केराटिन (त्वचेच्या कठीण थरातील प्रथिन) स्वतःच चमकते, आणि फायब्रोसिसमध्ये तर कोलॅजनच वाढलेले असते. म्हणजे वडिलांच्या बाबतीत उजळपणाला अशी दोन कारणे आहेत ज्यांचा चट्टा निर्धोक असण्याशी काहीही संबंध नाही. उलट दात गालाला घासून झालेली साधी सूजही रक्तामुळे काळी दिसू शकते. त्यामुळे या चाचणीच्या भरवशावर बायोप्सी टाळणे मला अत्यंत धोक्याचे वाटते.

रामन वर्णपटाबद्दलही, म्हणजे लेझरचा विखुरलेला प्रकाश तपासून ऊतीतील रेणू ओळखण्याच्या पद्धतीबद्दलही, वाचले. खारघर येथील ॲक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा मेमोरियल सेंटरच्या संशोधन केंद्रात, ७८५ नॅनोमीटरच्या लेझरने रुग्णांच्या तोंडातून थेट असे वर्णपट घेतले गेले आहेत. निरोगी गालाच्या वर्णपटात स्निग्ध पदार्थांच्या खुणा ठळक असतात, तर कर्करोगाच्या गाठीच्या वर्णपटात प्रथिनांच्या. यात चमक मोजली जात नाही, रेणूंची कंपने मोजली जातात, म्हणून आशा वाटते. मात्र गाठ ओळखणे आणि पेशींतील सुरुवातीचा बदल ओळखणे यांत मोठे अंतर असावे.

तोंडाच्या विकारांचे तज्ज्ञ, विकृतिशास्त्रज्ञ किंवा या वाटेने गेलेले रुग्ण यांना माझी विनंती आहे. केराटिनचा जाड थर आणि फायब्रोसिस दोन्ही असताना निळ्या प्रकाशातील तपासणीतून काही विश्वासार्ह समजते का? चट्टा मोठा असल्यास तुकडा कुठून घ्यायचा हे ठरवण्यापुरता तरी तिचा उपयोग होतो का, की लालसर किंवा कडक भाग डोळ्यांनी आणि बोटाने शोधणेच योग्य? रामन तपासणी सामान्य रुग्णाला कुठे उपलब्ध आहे, की ती केवळ संशोधनात सहभागी होणाऱ्यांसाठीच असते?

शेवटचा प्रश्न सर्वांत निकडीचा आहे. 'सुरी लागली की कॅन्सर पसरतो' ही भीती वडिलांच्या मनात पक्की बसली आहे. ज्यांच्या घरातील वडीलधाऱ्यांनी हीच भीती असूनही बायोप्सी करून घेतली, त्यांनी ती कोणाच्या आणि कोणत्या बोलण्याने मान्य केली, हे कृपया सविस्तर लिहावे.