फोर्कलिफ्टची चावी हेल्परच्या हातात: कोर्स सक्तीचा करावा का?

भिवंडी_डॉक
मंडळी, एक विषय चार दिवस डोक्यात फिरतोय. मी भिवंडीच्या एका गोडाऊनमधे शिफ्ट सुपरवायझर आहे. गेल्या आठवड्यात ऑपरेटर गावी गेला, डॉकवर तीन ट्रक लागलेले, मग कॉन्ट्रॅक्टरने हेल्परलाच फोर्कलिफ्टवर, म्हणजे माल उचलायच्या गाडीवर बसवला. पोरगं हुशार आहे, "रोज बघतोय की साहेब" म्हणाला. आता बघून शिकलेली गाडी सरळ चालते हो, वळवताना कळतं. फोर्कलिफ्टची मागची चाकं वळतात, हा कारसारखा पुढे बघत वळला आणि गाडीचं बूड धाडकन रॅकच्या खांबाला. खांब वाकला, वर तीन लेव्हल माल. खाली कुणी नव्हतं एवढंच नशीब.

दुसऱ्या दिवशी वरून ऑर्डर, सगळ्यांची ट्रेनिंग झाल्याची कार्डं करा. एक एजन्सीवाला आला, दोन तास प्रोजेक्टर, समोसा, ग्रुप फोटो, संध्याकाळी सहा जणांच्या हातात लॅमिनेटेड कार्ड. त्यात तो हेल्परपण! माझं मत सरळ आहे, नीट थिअरी, गाडीवर सराव आणि परीक्षा झाल्याशिवाय चावी द्यायची नाही, माल पडून राहिला तर राहू दे. पटतंय का?

१८_वर्षं_सीटवर
नाही पटत. राग मानू नका साहेब. मी कुठला कोर्स केला नाही, उस्तादाच्या हाताखाली सहा महिने रिकामी पॅलेट (माल ठेवायचे लाकडी पाट) उचलली, शिव्या खाल्ल्या, मग मालाला हात लावायला मिळाला. अठरा वर्षांत एक ड्रम नाही फोडला. आणि कार्ड घेऊन येतात ती पोरं, पॅलेटमधे फोर्क (गाडीचे पुढचे दोन दांडे) सरळ घालता येत नाही, मास्ट (फोर्क वर नेणारा उभा खांब) मागे न कलवताच पळतात. उद्या सक्ती केली तर माझ्यासारख्याला घरी बसवणार आणि कार्डवाल्याला गाडी देणार, हीच का सेफ्टी? आणि खर्च कोण करणार, पगारातूनच कापणार ना?

चाकणचा_ठेकेदार
वरच्या दादांना माझा पाठिंबा, कारण वेगळं आहे. मी माणसं पुरवतो. मागच्या वर्षी स्वतःच्या खिशातून चार पोरांना व्यवस्थित ट्रेनिंग दिलं, दिवाळीनंतर तिघं शेजारच्या कंपनीत, हजार दीड हजार जास्त मिळाले म्हणून. मी काय ट्रेनिंग सेंटर उघडलंय का? कंपनी रेट वाढवून देत नाही, ट्रक थांबला तर हॉल्टिंग (ट्रक थांबल्याचे पैसे) माझ्या बिलातून कापते, आणि अपघात झाला की पहिला फोनही मलाच. "माल पडून राहू दे" हे पगारी माणसाला बोलायला सोपं आहे.

सेफ्टी_शूज_नऊ_नंबर
ठेकेदार साहेब, अडचण खरीय पण कायद्यात ती चालत नाही. कारखाना असेल तर आधी 1948 च्या फॅक्टरी अॅक्टचं कलम 7अ होतं, आता नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी आलेली व्यावसायिक सुरक्षा संहिता बघा, कामगाराला माहिती, प्रशिक्षण आणि देखरेख देणं मालकाची जबाबदारी आहे, माणूस कुणाच्या रोलवर आहे हा नंतरचा प्रश्न. आणि एक गैरसमज इथे बऱ्याच जणांचा असेल, "त्याच्याकडे आरटीओचं लायसन आहे". फक्त कारखान्यात किंवा बंद आवारात चालवायच्या खास गाड्या मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येतच येत नाहीत. कार चालवता येते एवढंच त्या लायसनमधून कळतं.

दादांच्या हाताबद्दल शंका नाही. फक्त एक विचारतो, 3 टनाच्या गाडीवर लांब पेटी उचलायचीय, पेटीचा मध्य फोर्कच्या टाचेपासून (मास्टकडच्या टोकापासून) 1 मीटरवर येतोय. किती वजन उचलाल?

१८_वर्षं_सीटवर
3 टन लिहिलंय ना गाडीवर. थोडं कमी धरेन अंदाजाने.

सेफ्टी_शूज_नऊ_नंबर
बघा, इथेच. ते 3 टन साधारण 500 मिलिमीटरच्या लोड सेंटरला असतात, म्हणजे टाचेपासून मालाच्या मध्यापर्यंतचं अंतर तेवढं असेल तर. 1 मीटरवर गेलात की तीच गाडी जेमतेम 2 टनाची उरते, आणि मास्ट वर गेला की अजून कमी. सीटसमोर प्लेट असते तिच्यावर हे सगळं असतं, अर्ध्या गाड्यांवर ती रंगाखाली गेलेली असते तो भाग वेगळा.

दुसरं, गाडी कलंडायला लागली तर काय करायचं? प्रत्येकाला वाटतं उडी मारायची. गाडी उडी मारणाऱ्याच्या अंगावरच येते, डोक्यावरच्या गार्डखाली माणूस चिरडतो. बेल्ट लावून बसून राहायचं, स्टिअरिंग घट्ट धरायचं, पाय रोवायचे, गाडी पडतेय त्याच्या उलट बाजूला झुकायचं. हे अनुभवाने शिकता येत नाही हो, कारण तो अनुभव एकदाच येतो.

१८_वर्षं_सीटवर
उडीचं मला खरंच माहीत नव्हतं. उस्ताद तर म्हणायचा "गाडी गेली तर गेली, तू उडी मार".
पण मग हे सांगायला समोसेवाला कशाला पाहिजे, तुमच्यासारख्यांनी गाडीपाशी उभं राहून सांगा की. 4 मार्चला सुरक्षा दिन म्हणून बॅज लावता, शपथ देता, त्याऐवजी हेच दाखवा.

जर्सीतला_सातारकर
मी न्यू जर्सीत वेअरहाऊसला आहे. इकडे ओशाचा (अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्याचा) नियम आहे, वर्गातलं शिक्षण, गाडीवरचा सराव आणि त्याच जागेवर चाचणी, तिन्ही पाहिजेत, आणि किमान दर तीन वर्षांनी पुन्हा तपासणी. मधे अपघात झाला, थोडक्यात वाचला किंवा गाडीचा प्रकार बदलला की पुन्हा उजळणी. मुद्दा असा की बाहेरचं कार्ड दाखवून कुणी सुटत नाही, हा माणूस माझ्या जागेत, या गाडीवर तयार आहे असं मालकालाच लेखी द्यावं लागतं. मी आलो तेव्हा आधीचं कार्ड होतं तरी मला परत पहिल्यापासून रॅम्पवर चढवलं. आधी चिडलो, मग लोड घेऊन रॅम्पवरून तोंडानेच उतरायला लागलो आणि ट्रेनर ओरडला. भरलेली गाडी रिव्हर्सने उतरवायची, लोड चढाच्या बाजूला. सातारला असताना कायम उलट केलं होतं.

चाकणचा_ठेकेदार
इकडे मालक लेखी देतो ते फक्त माझ्याकडून घेतलेलं हमीपत्र असतं 😄
बरं, कंपनीने ट्रेनिंगचा दिवस भरपगारी धरला आणि रेटमधे वेगळी ओळ टाकली तर माझी हरकत नाही. तेवढं कुणी लिहून देणार आहे का?

भिवंडी_डॉक
रेटची ओळ मी मागून बघतो, नकारच येईल बहुतेक. दादांच्या बोलण्यावरून माझं मत थोडं बदललं, जुन्या माणसाला कोर्सला बसवण्यापेक्षा आधी त्याची गाडीवर चाचणी घ्यावी, पास झाला तर प्लेट, रॅम्प आणि बेल्ट एवढंच शिकवावं. हेल्परला मात्र आहे तसा बसवणार नाही, कार्ड असलं तरी. उद्यापासून चाव्या माझ्या ड्रॉवरमधे.

१८_वर्षं_सीटवर
ड्रॉवर ठेवा साहेब. पण आधी बघून घ्या, आमच्याकडे एकच चावी चारही गाड्यांना लागते आणि बाजारात पन्नास रुपयाला मिळते. त्या पोराच्या खिशात असेलच एक.