आधी एक कंट्रोल ग्रुप, बाकीचं नंतर

स्ट्रॅटेजी गेममधे हॉटकीज (माउसऐवजी कीबोर्डने हुकूम द्यायच्या शॉर्टकट की) शिकून स्पीड कसा वाढवायचा, हा प्रश्न आहे. कोणीतरी सगळ्या हॉटकीजचा तक्ता आधी पाठ करा म्हटलंय, मला नाही पटत. पाठ केलेलं ऐन लढाईत आठवतंय कुठे! स्टारक्राफ्ट २ हा गेम असेल तर सेटिंगमधे ग्रिड लेआउट लावा, म्हणजे स्क्रीनवर बटण ज्या जागी दिसतं कीबोर्डवरची त्याच जागेची की, वरची ओळ क्यू ते टी, नावं लक्षात ठेवायची भानगडच नाही. मग सोप्या एआयविरुद्ध (कॉम्प्युटरविरुद्ध) खेळा, हरलात तरी चालेल पण एकच सवय लावा, बेस (वर्कर बनवणारी मुख्य इमारत) निवडून कंट्रोल+४ ने कंट्रोल ग्रुपला टाकायचा, म्हणजे पुढे नुसतं ४ दाबलं की तो निवडला जातो, आणि मारामारी चालू असताना कॅमेरा न हलवता मधेच ४ दाबून वर्कर (खनिज गोळा करणारा कामगार) बनवायला लावायचा, नवा बेस झाला की शिफ्ट+४ ने तोही त्याच ग्रुपमधे जोडायचा. (४ दोनदा पटकन दाबलं की कॅमेरा बेसवर उडी मारतो, तेवढं सांभाळा.) स्पीड आपोआप येतो, एपीएमच्या (मिनिटाला किती क्लिक आणि की दाबल्या त्या) आकड्याकडे सध्या बघूच नका.