चहा-कॉफी बंद करून इलेक्ट्रिक गाडीचा हप्ता खरंच निघतो का? हिशोब तपासून हवाय

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होतंय पण आकडे घरातले खरे आहेत आणि ते कोणीतरी तिऱ्हाइताने बघावेत असं मनापासून वाटतंय.

आम्ही मुलुंड पूर्वेला राहतो, मी, नवरा, आठवीतला मुलगा आणि सासूबाई. मे महिन्यात आईंच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली, तेव्हापासून आठवड्यातून तीन वेळा नौपाड्याला फिजिओसाठी न्यावं लागतं. पावसात रिक्षा मिळवणं म्हणजे काय ते इथे सगळ्यांना माहितीये, एकदा वॉकर धरून आई पाऊण तास गेटपाशी उभ्या होत्या आणि तीन रिक्षावाले नाही म्हणून निघून गेले, त्या दिवशी रात्री मला झोप लागली नाही. तेव्हापासून गाडीचा विषय घरात सुरू झाला. पेट्रोल इथे शंभरच्या वर, म्हणून घ्यायची तर छोटी इलेक्ट्रिकच, टियागो ईव्ही डोक्यात आहे.

दीर म्हणाले, वहिनी, तुमचे रोजचे सटरफटर खर्च लिहून काढा, त्यातूनच गाडीचा हप्ता निघेल. मी खरंच लिहिले. जून ते ऑगस्ट, तीन महिने, दहा रुपयेसुद्धा सोडले नाहीत. महिन्याची सरासरी सांगते. बाहेरचा चहा-नाश्ता दोघांचा मिळून २,१०० (नवऱ्याचं कटिंग आणि वडापाव, माझा ऑफिसखालचा डोसा), मागवलेलं जेवण ३,३००, माझी कॅफेतली कॉफी आठवड्यातून दोनदा २,०८०, दहा मिनिटांत घरी आणून देणाऱ्या ॲपवरून मुलाचे चिप्स-आइस्क्रीम वगैरे २,४५०, ओटीटी आणि बाकीची सबस्क्रिप्शन्स ९००. झाले १०,८३०. रिक्षा-टॅक्सी वेगळी ५,६००.

आता गाडी. ऑनरोड साधारण ९ लाख धरले, २ लाख आमच्याकडे आहेत, ७ लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी ७ वर्षं, हप्ता येतो ११,२६३. म्हणजे दिरांचं म्हणणं कागदावर जवळजवळ बरोबर निघालं, ४३३ रुपयांचा फरक. नवरा तर लगेच शोरूमला फोन करायला निघाला.

पण मला वही परत परत वाचून वेगळंच दिसतंय. मागवलेलं जेवण बहुतेक सगळं गुरुवार-शुक्रवारचं आहे, किंवा ज्या दिवशी लोकल रखडून मी साडेआठला घरी पोचले त्या दिवशीचं. ते काही हौसेचं नाही, त्या दिवशी माझ्याच्याने पोळ्या होत नाहीत म्हणून मागवलेलं आहे. गाडी दारात आली म्हणून माझी लोकल वेळेवर येणार नाहीये, ऑफिसला तर मी ट्रेननेच जाणार. आणि ती कॉफी, खरं सांगते, ऑफिस आणि घर यांच्यामधला माझा एकटीचा अर्धा तास आहे तो. २,०८० रुपये जास्त आहेत हे कळतं मला, पण सात वर्षं तो अर्धा तास नाही असं मनाशी म्हटलं की पोटात गोळा येतो.

तर प्रश्न असा की हा हिशोब बरोबर मांडलाय का, काय राहिलंय, आणि सोसायटीत चार्जिंग पॉइंट नसताना गाडी घ्यावी का?

प्रतिसाद:
ताई, हप्ता म्हणजे गाडीचा खर्च नव्हे, पहिली गोष्ट ही. इन्शुरन्स पहिल्या वर्षी ३०,००० च्या आसपास धरा, म्हणजे महिन्याला २,५००. पार्किंग सोसायटीत आहे का? चार्जिंगचं मात्र घाबरू नका. मी दोन वर्षं ईव्ही वापरतोय, साध्या १५ अँपिअरच्या पॉइंटवर रात्री लावतो. तुमचं महिन्याला ७०० किमी झालं तर साधारण १०० युनिट. पण हे १०० युनिट घरच्या मीटरवर टाकलेत तर तुम्ही वरच्या स्लॅबमध्ये जाता आणि तिथला दर जास्त, म्हणून ईव्हीसाठी वेगळा मीटर घ्या. मुलुंडला महावितरणच ना, त्यांच्याकडे ईव्ही चार्जिंगचा दर वेगळा आहे. बाहेरच्या फास्ट चार्जरवर रोज अवलंबून राहायचं असेल तर मात्र घेऊ नका, तिथे युनिटला घरापेक्षा बरेच जास्त पडतात आणि रांगेत वेळ जातो तो वेगळाच. बॅटरीवर ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किमीची वॉरंटी आहे, कर्ज ७ वर्षांचं, तेवढा जीव भांड्यात.

धागाकर्ती:
पार्किंग आतमध्ये एकच मिळेल पण वेटिंग आहे, तोवर बाहेर २,५०० सांगतायत. म्हणजे ११,२६३ + २,५०० + २,५०० आणि वीज १,२०० धरली तर १७,४६३. बाप रे. चहा-कॉफी-रिक्षा सगळं मिळून १६,४३० होतं माझं. म्हणजे सगळं बंद केलं तरी कमीच.

प्रतिसाद:
बॅटरी भाड्याने घ्यायची योजना बघितलीत का? एमजी कॉमेटची ४.९९ लाख एक्स-शोरूम आणि किलोमीटरमागे २.५० रुपये अशी आली होती. ७०० किमीला १,७५० होतात. हप्ता बराच खाली येतो, पण गाडी तीन मीटरपेक्षाही लहान आहे, दारं दोनच, मागे बसायला पुढची सीट वाकवून शिरावं लागतं. आईंना पुढेच बसवावं लागेल. बाकी टोलमध्ये वाचतील असं कोणी सांगितलं तर मुलुंड-ऐरोलीचा टोल लहान गाड्यांना ऑक्टोबर २०२४ पासून तसाही माफ आहे, पेट्रोल असो की ईव्ही. ईव्हीला खास माफी अटल सेतूवर आहे, तिकडे तुमचं जाणं किती?

प्रतिसाद:
मला एकच विचारायचंय, फिजिओ किती महिने आहे? कारण वॉकरचा त्रास काही महिन्यांचा आणि कर्ज ८४ महिन्यांचं.

धागाकर्ती:
हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता. डॉक्टर म्हणाले दिवाळीपर्यंत. नौपाडा म्हणजे आमच्याकडून सहा किमी, आताच्या भाड्याने (पहिल्या दीड किमीला २६) एका बाजूचे १०५ च्या आसपास, म्हणजे ५,६०० मधले २,७०० तर या फिजिओचेच आहेत. ते दिवाळीनंतर जाणारच. खरं तर आई आता कठडा धरून दोन जिने उतरतात. गेटपाशी उभ्या असलेल्या आई माझ्या डोळ्यासमोरून जात नव्हत्या आणि मी त्याच पायावर सात वर्षांचा हिशोब मांडत होते.

प्रतिसाद:
मग असं करा, हप्त्याची रंगीत तालीम करा. ५ तारखेला ११,२६३ ची आरडी सुरू करा, सहा महिने. कॉफी बंद न करता. पैसे कुठून निघतात ते आपोआप दिसेल, आणि नाहीच जमलं तर आरडी मोडता येते, कर्ज नाही मोडता येत. जमलं तर डाउन पेमेंट ६७,००० नी वाढलं. तोपर्यंत फिजिओच्या तीन दिवसांसाठी एखाद्या ओळखीच्या रिक्षावाल्याशी महिन्याचं बोलून ठेवा, दहावीस रुपये जास्त द्या पण माणूस वेळेवर आला पाहिजे.

धागाकर्ती:
रिक्षाचं आज संध्याकाळीच बोलले, शेजारच्या काकूंना डायलिसिसला नेतात तेच दादा, एका फेरीचे १३० म्हणाले आणि आईंना हाताला धरून बसवतात. आरडी नवऱ्याला पटली, चिप्स-आइस्क्रीमचं ॲप मुलाने स्वतःच डिलीट केलं (मी सांगितलं नव्हतं). कॉफीचं नवराच म्हणाला की ती राहू दे.

गाडी सोडलेली नाही, सोसायटीला अर्ज मात्र आत्ताच देतेय. त्यासाठी एक मदत हवीय, मुलुंड-ठाण्यात ज्यांनी जुन्या बिल्डिंगमध्ये ईव्हीचा वेगळा मीटर घेतलाय त्यांना केबल किती लांब ओढावी लागली आणि तो खर्च कोणी केला? आमची मीटर रूम मागच्या अंगाला आहे आणि पार्किंग पुढे गेटपाशी.